हमसचोराचा बंदोबस्त

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण सूड. नोंद ठेवली नाही तर माझा राग विरतो. मोठ्या मनाच्या माणसाची ही अडचण असते.

घडलं असं. खोटे दात आणि दातांवरच्या कॅप बनवणाऱ्या आमच्या लॅबमध्ये एक नवा कारागीर आलाय. मी त्याला मनातल्या मनात सज्जन म्हणतो, कारण सगळे त्याला तसं समजतात. दुपारी त्याने डबा उघडला. आत साच्यात ओतायच्या प्लास्टरसारखं काहीतरी पिवळट. हमस म्हणे. काबुली चणे वाटून करतात. त्यात काकडी बुडवून खात होता. मी क्रीमरोल खात होतो. सगळ्यांसमोर मला म्हणाला, काका, हे खात जा, पोट उतरेल.

काका! माझ्याहून फार तर सहा वर्षांनी लहान असेल. मालकसुद्धा हसले.

आणि याच महिन्यात मालक खिडकीजवळचं टेबल कुणाला ते ठरवणार आहेत. कॅपचा रंग दाताशी जुळवायला दिवसाचा उजेड लागतो, त्यामुळे तिथे बसेल तो लॅबचा पहिला कारागीर. बावीस वर्षं मी ट्यूबलाइटखाली काढली आहेत.

निश्चय: त्याच्याच हमसने त्याला हरवायचं. बारीक व्हायचं, खिडकीत बसायचं आणि तिथून त्याला 'बाळा' अशी हाक मारायची.

४ जून
चणे आणले. बायको म्हणाली, रात्रभर भिजवावे लागतात. मी म्हटलं, कुकर कशासाठी आहे? आठ शिट्ट्या झाल्या तरी चणे जसेच्या तसे. मिक्सरमध्ये घातले तर मिक्सर जळाला. मिक्सर सज्जनच्या हिशेबात धरला आहे.

६ जून
शेजारणीचा मिक्सर आणला. बायकोने चणे भिजवले, उकडले, तीळ आणि लसूण घालून वाटले. लिंबू मी पिळलं. एकूण हमस मला छान जमलं.

१० जून, सोमवार
डबा लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवला.
सकाळी ११. चव टिकली आहे का ते पाहिलं. चार-पाच चमचे. काकडी घरी राहिली म्हणून क्रीमरोलला लावून. हमस लावल्यावर तोही हेल्दीच.
दुपारी १. डबा अर्धा! लॅबमध्ये चोर आहे.

११ जून
सकाळी ११. चव पाहिली. आज जरा नीट पाहिली, कारण कालच्या प्रकारानंतर काळजी घेणं भाग आहे.
दुपारी १. तळ दिसतोय. चोराची भीड चेपली आहे. सज्जनकडे टक लावून पाहिलं. तो शांतपणे स्वतःच्या डब्यातलं खात होता. स्वतःचा डबा आणून दुसऱ्याचं खायचं, याला म्हणतात सराईत.
वजन दीड किलो वाढलंय. काट्याखालची फरशी ओली होती.

१३ जून
मालकांकडे तक्रार केली. म्हणाले, चण्यांवरून कसली भांडणं करता? मी ऐकलं नाही. सगळ्यांना बोलावून जाहीर मागणी केली, की माझ्या डब्यात ज्याचा हात सापडेल त्याला खिडकीजवळचं टेबल मिळता कामा नये. मालक कंटाळून म्हणाले, बरं, कबूल. सज्जनने सगळ्यात आधी मान डोलावली. चोराच्या उलट्या बोंबा असतात तशा चोराच्या उलट्या मानाही असतात.

१६ जून, रविवार
सापळा तयार. मूठभर कच्चे, कोरडे चणे लॅबच्या चिमट्याने एकेक करून हमसमध्ये खोल दडवले. वरून मेण गुळगुळीत करतो तसं चमच्याने सारखं केलं. हात अजून सफाईने चालतो माझा. बायकोने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, डेकोरेशन. ती म्हणाली, डेकोरेशन वर करतात. तिला यातलं काय कळणार.

आता सज्जन चोरून खाणार, दात तुटणार, कॅप आपल्याच लॅबमध्ये येणार. ती मी करणार. मुद्दाम एक छटा पिवळी. जन्मभर हसताना ओठ मिटून घेईल. या विचाराने दुपारची झोप फार छान लागली.

१७ जून, सोमवार
सकाळी ११. चव पाहि

१७ जून, दुपार
सुळ्यामागचा दात. अर्धा गेला.

मालक धावत आले. हमसमध्ये कच्चे चणे कुणी घातले, असं विचारू लागले. मला बोलता येईना, म्हणून तोंडावर रुमाल धरून सज्जनकडे बोट दाखवलं. तो बिचाऱ्यासारखा माझ्यासाठी पाणी घेऊन उभा होता. नाटकी. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, पण या डब्यातलं रोज अकरा वाजता तुम्हीच खाता की, आम्हाला वाटलं डाएट आहे.

तेवढ्यात मालकांनी माझ्या घरी फोन लावला, स्पीकरवर. सगळी लॅब ऐकत होती. बायको म्हणाली, तुटला ना दात? तरी मी सांगत होते, डेकोरेशन वर करतात.

मालक माझ्याकडे बघत राहिले. मला घरी जावंसं वाटलं.

२० जून
आज खिडकीजवळ बसलो. उजेड खरोखर फार चांगला आहे तिथे. मी मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून बसलो होतो आणि सज्जन रंगाच्या पट्ट्या माझ्या दातांशी लावून पाहत होता. टेबल त्याला मिळालं. मीच सुचवलेल्या नियमाने.
मला खात्री आहे, पिवळी छटा लावणार. मी त्याच्या जागी असतो तर लावली असती.

२८ जून
दंतवैद्याने कॅप बसवली. मग रंग तपासायला पुन्हा त्या खिडकीत. सज्जनने आरसा हातात दिला. मी खूप वेळ पाहिलं. बावीस वर्षं कॅप करतोय, पण खोटा दात कुठला ते मला सांगता येईना. फार वाईट वाटलं.

तो म्हणाला, काका, चार दिवस त्या बाजूने कडक काही खाऊ नका. हमस चालेल. आणि स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला.

मी सगळा संपवला. त्याच्यासाठी एक चमचाही ठेवला नाही. एवढा तरी सूड घेतला.