निळी की पांढरी

ता. १७, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल चोळता की बाटली कपाटातच शोभेला ठेवलीय? आम्ही मजेत. बर्फाच्या गोदामात टेबलाशी बसून लिहितेय. गिऱ्हाईक आलं की उठावं लागतं, तेव्हा अक्षराला हसू नका.

बातमी म्हणजे होडी घ्यायचीय. जुनीच्या तळाला आता ठिगळ लावायलाही जागा उरली नाही. मागे इंजिन टांगलेल्या, वापरलेल्या दोन होड्या पाहिल्यात. निळी अरुंद, हलकी, एकट्या माणसाला आवरते. पांढरी रुंद आणि जड. तिला दोघं लागतात, एक मागे इंजिनाशी, एक पुढे जाळ्याशी. तुमच्या भावाचं मन निळीवर बसलंय. परवापर्यंत उत्तर द्यायचंय आणि मला निळी नकोय.

तुम्ही म्हणाल, होडी त्याची, समुद्र त्याचा, तुझं काय दुखतंय? मला तर झोपाळ्यावरही मळमळतं.

मध्ये उठले होते. दोन लाद्या फोडून दिल्या. हात गार पडलेत.

तर निळीचा मालक. इतका गोड बोलतो की सगळे त्याला साखऱ्याच म्हणतात. शनिवारी त्याने इंजिन सुरू केलं. ह्यांनी वाकून कान लावला, मग वर तळहात ठेवला आणि म्हणाले, लोण्यासारखं चालतंय. ताई, आत खडखड होत होती. डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. मला, बर्फ विकणाऱ्या बाईला, ऐकू आली. साखऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. ज्या माणसाला लोक नुसतं इंजिन ऐकायला बोलावून न्यायचे, त्याला चारचौघांत काय सांगायचं?

तुमचा राग मला ठाऊक आहे. वर्ष झालं, भाऊ फोनवर येत नाही. मीच सांगते, अंघोळीला गेलेत, झोपलेत. तुमचा जावई मागे काही बोलला, ते त्यांनी मनाला लावून घेतलं, असं तुम्हाला वाटतं. तसं काही नाही हो. ते तुम्हाला टाळत नाहीत, फोनला टाळतात. जन्मभर इंजिनाला चिकटून बसले, त्यात कान गेले. उजवा पार, डावा जेमतेम. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. मी समोर येऊन बोलते, ते ओठ बघतात, असा संसार चाललाय. तुम्हीही एकदा समोर येऊन बसा. बोलतील.

रविवारी पांढरीतून चक्कर मारायला गेलो. मी हट्टाने चढले. ओकलीस तर होडी तूच धुवायचीस, असा दम मिळाला. पुढे फळी धरून बसले. बंदराच्या तोंडाशी मागून मोठी प्रवासी बोट भोंगा देत आली. पुन्हा दिला. पुन्हा दिला. हे समोर बघत मजेत चाललेले. मी रांगत मागे गेले आणि त्यांचा दंड धरला. त्यांनी वळून पाहिलं, होडी झटकन बाजूला घेतली. लाटेने दोघं चिंब.

मग इंजिन बंद केलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"केव्हापासून वाजवत होता?"

"बराच वेळ."

"आणि कालचं, निळीचं?"

"खडखडतंय."

त्यावर म्हणतात कसे, इंजिन काय, दुसरं बसवता येतं. हट्ट तुमच्या माहेरचा, मी काय सांगू. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "पांढरीत पुढे बसायला माणूस कुठून आणू?"

मी चिंब पदर पिळत बसले. दोन रात्री कुशी बदलण्यात गेल्या. ते निळीतून एकटे गेलेत आणि मागून काहीतरी येतंय, हेच डोळ्यांपुढे.

आज सकाळी गोदामाच्या मालकाला सांगून टाकलं, महिनाअखेर माझ्या जागी दुसरं कुणी बघा. ह्यांना अजून पत्ता नाही. संध्याकाळी दिवा लावून समोर बसणार आहे, म्हणजे ओठ नीट दिसतील. चिडतील. बायकोला होडीत बसवून लोकांच्या तोंडी कशाला द्यायचं, म्हणतील. म्हणू देत. मळमळेल, ओकेन, होडीही धुईन. भीती वाटते, ताई. पण किनाऱ्यावर उभं राहून वाट बघणं माझ्याच्याने होणार नाही.

तुमची भावजय,
पांढरीवरची खलाशी
(नवऱ्याची मंजुरी बाकी)