जिवंत माणसाची तार

दिल्ली,
ता. १४ मार्च १९८३

राहीवयनी,

तार काय फक्त माणूस मेल्यावरच करायची असते? तीन पानं नुसत्या शिव्या घातल्यास. "भावजी, जिवंत माणूस कधी तार करतो काय? वाडीचा जीव घेतलात!" मग करायचं काय होतं? पत्राला आठ दिवस लागतात आणि पाऊस दोन दिवसांवर आलेला. असो. नमस्कार राहिलाच. तुला नि दादाला नमस्कार, पोरांना पापा. मी खुशाल आहे.

कँटीनात बातम्या संपल्या की रेडिओवर हवामान लागतं. बाकीचे उठतात. मी 'कोकण' ऐकेपर्यंत थांबतो. रोज. त्या दिवशी बाई म्हणाली, कोकणात उकाडा नेहमीपेक्षा जास्त, दोन दिवसांत मेघगर्जनेसह पाऊस. शिमग्याच्या आधी! तूच लिहिलं होतंस, यंदा माघातच अंग भाजतंय, आंबा लवकर तयार होतोय आणि माकडांपायी आप्पा आतापासूनच बागेत खोपीत झोपतात. ती खोप त्या उंच रायवळ आंब्याखाली. मी हातातली ताटं तशीच टाकून तारऑफिसात धावलो. माझ्या मोडक्या हिंदीवरून तारबाबूने इंग्रजीत लिहिलं. म्हटलं, गावात कोणीतरी वाचेल.

तुम्ही उघडलीसुद्धा नाहीत! शिपायाने 'तार' म्हटल्याबरोबर सखूकाकीने गळा काढला, "माझा सदू गोऽ!" तार वाचायला शाळेतल्या गुरुजींना आणायला रघू पळाला, दादाने आप्पांना बागेतून घरी आणलं, सगळी वाडी आपल्या खळ्यात रडायला. गुरुजी आले तोवर विजा कडाडायला लागलेल्या. ते वाचून म्हणाले, "अहो, पोरगा धडधाकट आहे, पावसाची खबर दिलीय!" त्यावर सखूकाकी, "मग मी रडले ते फुकटच?" तिला सांग, जमा धर, पुढेमागे लागेल.

वीज रायवळावर पडली, खोप जळली. तू एवढंच लिहिलंस, मीही एवढंच लिहितो. पण तार नीट वाचली असती तर आप्पा म्हणाले असते, रेडिओवरची बाई काय आपल्या बागेत येऊन बघते? आणि हट्टाने खोपीतच बसले असते. म्हणून देवाचे उपकार, त्या बाईचे उपकार, नि तुम्हा कोणाला इंग्रजी येत नाही त्याचेही.

पुढचं मोठ्याने वाचू नको.

मी घर सोडलं त्या सकाळी आप्पांनी विहिरीवर माझ्या नावाने घागर ओतून घेतली होती. मेलेल्याची करतात तशी आंघोळ. तूच पंचा नेऊन दिलास. तीन वर्षांत तीन नोकऱ्या झाल्या, कुठे पाय ठरला नाही. डोळ्यांपुढे ते ओले आप्पा. म्हणून पत्रात त्यांना कधी नमस्कार लिहिला नाही, आणि तू कधी विचारलं नाहीस.

आता तू पत्राच्या पार शेवटी, जागा उरली नाही म्हणून आडवं लिहिलंयस. सगळे सांगत होते, आप्पा, उठा, आंघोळ करा. काकीने पाणी काढून ठेवलं. आणि आप्पा हात लावेनात. म्हणाले, "एकदा केली ती चुकली. आता नाही करणार. तो आहे."

गुरुजी यायच्या आधी म्हणाले ना? मला नक्की कळव. नको, राहू दे. आधीच म्हणाले असणार.

मी बापाला वाचवलं असं तू लिहितेस. तसं नको म्हणू, वयनी. माझी बाजू तू तीन वर्षं त्या घरात जिवंत ठेवलीस, ते मी कुठे फेडू?

आता मोठ्याने वाच.

आप्पा, सदूचा नमस्कार. यंदा शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा मी खळ्यात असेन. कैरी झडली म्हणून जिवाला लावून घेऊ नका, खोप मी आल्यावर बांधू. भाड्यापुरते पैसे जवळ ठेवलेत, फक्त येण्याच्या भाड्याचे. बाकी होते तेवढे मनिऑर्डरने धाडलेत.

तुमचा,
सदू

रुपये एकशे चाळीस.