नळीवरचे तीन ठोके

कोक-झार,
२ ऑक्टोबर १९९७

चि. मुकाश यास,
तुझ्या थोरल्या बहिणीचे, उरुम्कान एजेचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझी खुशाली मला नूर्दीनच्या तोंडून कळते, तुझ्या हातून नाही. तो दर आठवड्याला मिनीबस घेऊन बिश्केकला जातो, तू त्याच्याकडे सफरचंदांची पिशवी देतोस, पण दोन ओळींची चिठ्ठी द्यायला तुझा हात मोडतो. आई म्हणते, पोरगा कामात असेल. मी म्हणते, पोरगा चाळिशीला आला, आता तरी त्याला आळशी म्हणू दे.

कामाचं लिहिते. पंधरा तारखेला गावाचा बॉयलर पेटणार, घरोघरच्या नळ्यांत गरम पाणी सुटणार. कोळसा थोडाच आलाय, पण आलाय. नळदुरुस्तीवाले कासमाली आके एकेका इमारतीच्या नळ्या धुऊन, दाब देऊन तपासत फिरतायत. सत्तरीचा माणूस, वर्षभर पगार नाही, तरी पाना घेऊन हजर. आपल्या जिन्यात येऊन त्यांनी पहिली चौकशी केली ती तुझ्या घराच्या किल्लीची. तुला ठाऊक आहेच, पाणी एका नळीने वर चढतं, चौथ्या मजल्यावर तुझ्या रेडिएटरमधून वळतं आणि दुसऱ्या नळीने खाली उतरतं. तिथली हवा सोडली नाही तर खालची चारही घरं गार. इतकी वर्षं ते बुरुल करायची. खाली भांडं लावून बारीक नळ उघडायची, फुसफुस थांबून पाणी आलं की चमच्याने नळीवर तीन ठोके द्यायची. दुसऱ्या मजल्यावर आई नळीला हात लावून वाट बघत बसलेली असायची. तुझी बायको गेल्यावर हे पहिलंच वर्ष. पण करायला तर हवं.

आईची छाती पुन्हा भरलीय. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, गारठ्यात ठेवलंत तर हा हिवाळा निघणार नाही. लोक खोलीत लोखंडी शेगड्या मांडून धुराडं खिडकीतून काढतायत, पण कोळशाचा धूर आईला अर्धा तासही सोसायचा नाही. तेव्हा किल्ली नूर्दीनकडे दे. बुरुलच्या चाळिसाव्याला, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, तू कापलेल्या घोड्याचं नाव गावात अजून निघतं. असा दिलदार माणूस एका किल्लीसाठी रखडवणार नाही, असं मी आकेंना सांगून बसलेय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
उरुम्कान एजे

*

बिश्केक,
११ ऑक्टोबर

ती. उरुम्कान एजेंना,
मुकाशचा सादर सलाम, वि. वि.

पत्र पावलं, शिव्याही पावल्या. त्या ऐकल्याशिवाय मला हल्ली अंग दुखल्यासारखं वाटतं. बाजारात हमाली ठीक चाललीय. खोलीत आम्ही पाच जण आहोत. तलासचा एक जण असा घोरतो की आपल्या खाणीतलं यंत्र परवडलं. जेवण मिळतं, काळजी करू नका.

एजे, किल्लीचं मात्र मला जमणार नाही. रागावू नका. बुरुलचा रुमाल खुंटीवर तसाच आहे, तिचा कप तिने पालथा घातला तसाच पालथा आहे. तिथे कोणी जोडे घालून शिरावं, भांडी सरकवावी, हे माझ्याने बघवणार नाही आणि ऐकवणारही नाही. आकेंना म्हणावं, तिसऱ्या मजल्यावर गाल्याच्या घरातून हवा काढून बघा. कदाचित होईल.

आईसाठी उंटाच्या लोकरीची शाल आणि छातीला चोळायला चरबी पाठवतोय. तिला म्हणावं, मुकाश पोटभर जेवतो.

कान धरायचा हक्क तुमचाच, तो सोडू नका.
आपला,
मुकाश

*

कोक-झार,
२१ ऑक्टोबर

चि. मुकाश यास, अनेक आशीर्वाद.

शाल पोचली. आईने ती दिवसभर नाकाला लावून ठेवली, म्हणे पोराचा वास येतो. मला तर दुकानातल्या डांबरगोळ्यांचाच आला.

बॉयलर पंधराला पेटला. शेजारचे दोन्ही जिने गरम आहेत, तिथे मुलं नुसत्या सदऱ्यावर फिरतात. आपला जिना थडग्यासारखा. गाल्याच्या नळातून आकेंनी हवा काढून पाहिली, चमचाभर तांबडं पाणी थुंकून तो गप्प झाला. पाणी वर जाऊन अडतंय, असं आके म्हणतात, आणि ते का अडतंय हे तुझ्या घरात गेल्याशिवाय कळणार नाही. सकाळी बादलीत बर्फाचा पापुद्रा असतो. खालच्या मजल्यावरची माणसं मला जिन्यात गाठून विचारतात की तुझ्या भावाला काय झालंय. मी काय सांगू?

तुझं दुःख मला कळतं. बुरुल मलाही धाकट्या बहिणीसारखी होती. पण ती असती तर तिने स्वतः दार उघडून दिलं असतं आणि वर तुला दोन शब्द ऐकवले असते.

गाल्याची बहीण शेजारच्या जिन्यात राहते. तिने आपली गरम खोली आईला देऊ केली. आई ऐकत नाही. म्हणते, माझा मुलगा किल्ली पाठवतोय, मग मी परक्याच्या पलंगावर कशाला जाऊन पडू? पलंग नळीला खेटून लावायला लावलाय आणि गार नळीवर हात ठेवून ठोक्यांची वाट बघते. तिच्याकडे बघवत नाही रे. तीन नोव्हेंबरपर्यंत किल्ली आली नाही तर मी कुलूप तोडणार. मग बोल लावू नकोस.

राग आहे, तरी लोभही आहेच.
उरुम्कान

*

बिश्केक,
३१ ऑक्टोबर

ती. एजेंना सादर सलाम. विनंती करायला तोंड उरलेलं नाही.

किल्ली या पाकिटात आहे. दार उघडलंत तर तुम्हाला नुसती भिंत दिसेल. रेडिएटर नाहीत. जुलैत सगळी इमारत कुरणावर गेलेली असताना मी ते दोन्ही काढले आणि भंगारवाल्याच्या ट्रकवर चढवले. नळ्यांच्या तोंडांत लाकडी खुंट्या ठोकल्या. बुरुलच्या चाळिसाव्याचा घोडा त्यातून आला. तुम्ही सगळ्यांनी त्याची वाखाणणी केलीत आणि मी मान खाली घालून ऐकलं. तुम्हाला वाटलं, दुःखाने घातलीय.

दुःख होतंच, ते खोटं नव्हतं. तिला गावाने नीट निरोप द्यावा, एवढंच डोक्यात होतं. हिवाळ्याआधी दुसरे आणून बसवीन असं ठरवलं होतं, पण उन्हाळ्यात हिवाळा फार लांब वाटतो. मग तुमचं पत्र आलं आणि मी रुमालाचं, कपाचं लिहिलं. मेलेल्या बायकोच्या पदराआड लपलो, एजे. यापुढे स्वतःला माणूस म्हणवत नाही.

आता माझ्यावर थुंका, पण आईला गाल्याच्या बहिणीकडे न्या. आजच न्या. मुकाश नालायक निघाला, किल्ली येणार नाही, असं सांगून न्या. ती नाही म्हणाली तर उचलून न्या. घाटात बर्फ पडलंय, नूर्दीन निघत नाही. जी पहिली गाडी निघेल तिच्याबरोबर हे पत्र देतो.

लोभ मागण्याची हिंमत नाही.
मुकाश

*

कोक-झार,
१४ नोव्हेंबर

चि. मुकाश, आशीर्वाद.

तुझं पत्र परवा, बारा तारखेला, कोळशाच्या ट्रकबरोबर आलं, तेवढा एकच ट्रक सुटला आणि मागे घाट पुन्हा बंद झाला. कुलूप आम्ही तीन तारखेलाच तोडलं होतं.

कासमाली आके आणि मी आत गेलो. रुमाल खुंटीवर होता, कप पालथा होता, तेवढं तू खरं लिहिलं होतंस. खिडकीखाली भिंतीवर दोन पांढरे चौकोन. आकेंनी पाना पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड बांधलं. म्हणाले, दोन नळ्या एकमेकींना जोडता येतील, पण वेल्डिंगचा गॅस गावात नाही, घाट उघडेपर्यंत काही करता येणार नाही. मग ते जिना उतरून गेले.

आता लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी सकाळी आई पहिल्यांदा तयार झाली होती. आज ठोके आले नाहीत तर ने बाई मला गाल्याच्या बहिणीकडे, आता हाडं माझं ऐकत नाहीत, असं तीच म्हणाली होती. खाली ती नळीला हात लावून बसलेली, आणि वर मी त्या भिंतीसमोर उभी. तिला जाऊन काय सांगू? तुझ्या मुलाने तुझी ऊब विकली, असं सांगू? बुरुलचा चमचा खिडकीतच होता. मी तो उचलला आणि नळीवर तीन ठोके दिले.

खाली आले तर आईचा चेहरा उजळलेला. मला म्हणाली, हात लावून बघ, येतेय ऊब, हळूहळू येतेय, माझ्या मुकाशने किल्ली पाठवली, मी सांगत नव्हते? मी हो म्हटलं. नळी बर्फासारखी होती. तिने वरची रजई काढून माझ्या अंगावर टाकली, म्हणे घे, आता मला उकडेल. गाल्याची बहीण तिला न्यायला आली तर चहा पाजून परत पाठवली. म्हणाली, माझं घर गरम असताना मी का जाऊ? मी तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही जीभ उचलली नाही. तिला इतकं सुखात मी वर्षभर पाहिलं नव्हतं.

सात तारखेला दुपारी आई गेली. हात नळीवर होता.

तार करायला गेले तर वादळाने तारा तुटलेल्या. घाटही बंद. अंगणात तंबू उभारला, पण रिवाजाप्रमाणे दाराशी काठीवर वाकून रडायला मुलगा नव्हता. तुझ्या जागी कासमाली आके उभे राहिले आणि तुझ्या आवाजात रडावं तसे रडले.

तू लोखंड विकलंस, मी ठोके दिले. तुला बोल लावायचा हक्क मला उरलेला नाही, म्हणून लावत नाही. चाळिसावा सोळा डिसेंबरला येतो. घोडा नको. तू ये. घाट उघडला की पहिल्या गाडीबरोबर हे पत्र देईन.

आता आपण दोघंच उरलो, एवढं लक्षात ठेव.
उरुम्कान

*

बिश्केक,
१७ नोव्हेंबर

ती. उरुम्कान एजेंना सादर सलाम, वि. वि.

घाट बंद म्हणून तुमचं काहीच कळत नाही. माझं पत्र पोचलं असेल तर शिव्या तयार असतीलच, त्या ऐकायला कान आसुसलेत.

एजे, रेडिएटर मिळाले! एक बालवाडी पाडतायत, तिथे पंधरा दिवस मजुरी केली आणि मजुरीऐवजी दोन मागून घेतले. सात-सात खणांचे, आपल्यापेक्षा मोठे. अंगणात पाणी ओतून धुतले, आतून गंजाचा चिखल निघाला. तलासचा तो घोरणारा मला वेड्यात काढत होता आणि हसत हसत बादल्या आणून देत होता. आके विचारतील म्हणून वेल्डिंगच्या गॅसची टाकीही मिळवलीय. नूर्दीन म्हणतो, चार दिवसांत घाट उघडेल, उघडला की आम्ही निघतोच.

आई गाल्याच्या बहिणीकडे रुसून बसली असेल, तिचा चहा पातळ म्हणून नाक मुरडत असेल. आणखी थोडे दिवस तिला सांभाळून घ्या. मी आलो की तिला आपल्या घरी आणू, पलंग नळीला लावू. माझं पाप तिला सांगितलं नसेल तर नका सांगू, मीच तिच्या पायाशी बसून सांगेन. आधी घर गरम होऊ दे.

तिला म्हणावं, हात नळीवर ठेवून बस. यंदा तीन ठोके मी देणार आहे.

थोरल्यांनी पदरात घ्यावं, ही विनंती.
आपला,
मुकाश