सत्तरचा नियम

मावशी,

हे पत्र तुला पाठवणार नाही. आईला तिची बहीण हवी आहे.

तू चालवतेस त्या लॅब टेक्निशियनच्या कॉलेजात पास व्हायला सत्तर मार्क, हा नियम तुझाच. मला एकोणसत्तर पडले, तेव्हा म्हणालीस, "भाची असलीस म्हणून काय झालं? रक्त तपासताना एकोणीस-वीस चालत नाही." मला पटलं. वर्ष पुन्हा काढलं. तुला नावं ठेवणाऱ्यांशी मीच भांडले.

यंदा तुझा लेक बासष्टवर अडकला आणि तू नियम साठवर आणलास. आता तो आमच्याच लॅबमध्ये, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो.

आज तुझं रक्त तपासणीला आलं. मागोमाग तुझा फोन, "तूच तपास हं, त्याच्याकडे देऊ नकोस."

मी ट्यूब त्याच्या टेबलावर ठेवली. पास झालाय ना तो.

तुझी,
एका मार्काने नापास झालेली भाची