लिंबातला खिळा

मंगळवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलंच हाय. रस्ता रुंद करायला दारापुढचा लिंब पाडला आणि ठेकेदार तो वीटभट्टीला द्यायला निघाला. एवढा सरळ बुंधा जाळायचा? भांडून टेम्पोत घातला. नातीला अभ्यासाला टेबल करायचं हाय त्याचं.

आज नागापुरात लाकडाच्या मिलवर नेला. दुसऱ्याच फळीला करवतीचं पातं तुटलं. आत खिळा! मिलवाले अण्णा भडकले, "मावशी, रस्त्याचं झाड म्हंजे लोखंडाचं दुकान. ऱ्हायलेला ओंडका न्या परत."

मग मी तोंड सोडलं. बुंध्यावर त्या क्लासवाल्याच्या पाट्या हुत्या. त्याचे खिळे मी कालच पकडीनं उपटले, हा एक ऱ्हायला असंल. पोरांना शानं करतो म्हणे, आणि पाटी बांधायला मेल्याला सुतळी मिळंना! खिळा कनवटीला लावून आणला, त्याच्या तोंडावर फेकायला.

घरी चिंचेनं घासला. चौकोनी डोकं निघालं. असला खिळा पाटीला कोन मारतं? हा तर आमच्या म्हाताऱ्यानं लोहाराकडून आणलेला. वाळवणाच्या दोरीसाठी मीच ठोकला हुता, वरवंट्यानं. लिंबानं गिळला आणि मी विसरले.

असे आणखी दोन हायेत. उद्या अण्णाला जागा दाखवावी लागंल, त्याशिवाय तो ओंडका चिरायचा न्हाई. कबूल करीन, टेबल व्हायला पायजे. पण क्लासवाल्याला मोकळं सोडायचं न्हाई. त्यानंबी खिळे ठोकलेच हुते की!