गाइडातली आजी

बाई, आतल्या खोलीत माझी नात 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध मोठ्याने पाठ करते आहे. त्यातले सर उंच आहेत, शिस्तीला कडक पण मनाने मऊ आहेत, आणि त्यांच्या खिशात नेहमी खडू असतो. मघाशी मी दारात उभी राहून विचारलं, "हे कोण गो सर तुझे?" ती म्हणाली, "कोणी नाही, आजी. गाइडातले आहेत," आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली. मी स्वयंपाकघरात आले, ओटा पुसला आणि तिच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं तरी झाली असतील. मला ते महिन्याने कळलं, देवरूखच्या बाजारात, तुमच्या शेजारणीकडून. मी कोकमं घेत होते. घेतली, पिशवी मांडीवर ठेवली आणि एसटीत बसून रत्नागिरीला आले. घरी यांना सांगितलं, "आमच्या बाई गेल्या." हे म्हणाले, "त्या चपलेवाल्या?" इतक्या वेळा मी यांना ती गोष्ट सांगितली होती.

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि तुम्ही पुस्तक उघडू द्यायचा नाहीत. घरापासून शाळेपर्यंत वाटेवर काय दिसलं ते लिहायचं, एवढंच. मी सहावीत होते. मी लिहिलं, 'पूर्वेला सूर्यनारायणाने सोन्याची किरणे उधळली होती.' धड्यातलं वाक्य होतं, मला फार आवडलेलं. बाहेर आषाढ कोसळत होता आणि डोक्यावरून घेऊन आलेलं माझं इरलं दाराशी गळत होतं. तुम्ही वाचलंत, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "सूर्य दिसला तुला? मला नाही गो दिसला. इरल्याच्या आत होता काय?" सगळा वर्ग हसला. मग तुम्ही मला तशीच परत पाठवलीत, ओढ्यावरच्या लाकडी साकवापर्यंत. "जा, बघून ये. दिसेल तेवढंच लिही." मी रडत गेले. पऱ्याचं पाणी लाल होऊन धावत होतं आणि साकवाच्या खांबाला एक रबरी चप्पल अडकली होती. काठीने ती ओढून घेतली, शाळेत आणली आणि दोन ओळी लिहिल्या. त्या तुम्ही वर्गाला वाचून दाखवल्यात. मी विचारलं, "किती मार्क, बाई?" तुम्ही म्हणालात, "मार्क कसले? जिची चप्पल, ती अनवाणी फिरत असेल. आधी ती शोध." दोन दिवस वाडीवाडीत विचारत फिरले. खालच्या वाडीतल्या एका म्हातारीची निघाली. तिने चप्पल पायात घातली आणि मलाच ओरडली, "दोन दिवस काय करीत होतीस?"

तुमचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. हात तुमचा जड होता. आणि आमच्या वर्षी सातवीच्या परीक्षेत तिघं नापास झाले तेव्हा गावातले बाप्ये तुमच्या दारात येऊन बोलले होते की बाई पोरांना साकव दाखवते, गणित कोण दाखवणार? तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून ऐकून घेतलंत. मला वाटतं तुम्हालाही ते लागलं होतं. मी पास झाले, पण आमच्या बाबांनी मला घरी बसवलं. तेव्हा तुम्ही मला बोलावून घेतलंत. तुमच्या त्या भाड्याच्या खोलीत चुलीपाशी तुम्ही फणसाच्या आठळ्या सोलत होतात. कव्हर नसलेला एक दिवाळी अंक माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, वाच, आणि अडेल तो शब्द लिहून आण. मी दर आठवड्याला शब्दांची यादी घेऊन यायचे. तुम्ही सांगत जायचात, आणि मध्येच एखाद्या शब्दाला थांबायचात. "हा मलाही येत नाही गो. विचारून ठेवते." मास्तरीण असं म्हणू शकते हे मला माहीत नव्हतं. पुढे लग्न होऊन इथे आले, यांची डेपोतली नोकरी, मूल, घर. पण वाचायचं कधी थांबलं नाही. हे वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायचे, बदलायलाही तेच जायचे. बोलणं फार नव्हतं यांचं. पाच वर्षं झाली यांना जाऊन.

आता घरात आम्ही तिघी. मुलगा बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये जाते. नात सातवीत आहे. घटक चाचणीत तिला 'माझी आजी' हा निबंध आला होता आणि तिने तो स्वतःच्या मनाने लिहिला. पेपर घरी आला तेव्हा पहिल्यांदा मी वाचला. 'माझी आजी मला गोष्टी सांगत नाही. ती पुस्तक वाचत असते आणि मी बोलायला गेले की बोट वर करून थांब म्हणते. तिची भाकरी नेहमी एका बाजूला करपते कारण ती तेव्हाही वाचते. आजोबा गेल्यापासून ती त्यांचा चष्मा लावून वाचते. तिचा नंबर वेगळा आहे. तिला नीट दिसत नाही तरी ती तोच लावते.' बाई, मी हसत हसत वाचत होते ती त्या चष्म्यापाशी थांबले. मला वाटायचं ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्या चष्म्याच्या ओळींखाली लाल रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'विषय सोडून.' दहापैकी चार.

सुनेने पेपर बघितला आणि डोक्याला हात लावला. मी म्हटलं, "चार असू देत. लिहिलंय खरं." ती म्हणाली, "आई, खऱ्याला मार्क असते तर मी कशाला क्लासला पैसे भरले असते? तुमच्या बाईंचं मला सांगू नका. त्यांनी शिकवलेल्या तुम्ही सातवीवरच राहिलात ना?" आणि लगेच तिचाच चेहरा पडला. थोड्या वेळाने तिने माझ्यापुढे चहा आणून ठेवला. मी तिच्यावर रागावले नाही. ती दिवसभर उभ्याने काम करते, पोरीने बसून काम करावं एवढंच तिला हवंय.

पालकसभेला मी गेले. नातीची मराठीची टीचर अगदी लहान आहे, माझ्या मुलापेक्षाही लहान. मी पेपर पुढे ठेवला. तिने आवाज खाली आणला. "आजी, खरं सांगू? मी तो निबंध स्टाफरूममध्ये दोघींना वाचून दाखवला. पण मुद्दे ठरलेले असतात. रूप, स्वभाव, सवयी, शिकवण. तिच्यात शिकवण कुठेच नाही. मी जास्त दिले तर उद्या दुसरे पालक येऊन विचारतील की आमच्या मुलाने चारही मुद्दे लिहिले, त्याला कमी का?" मी म्हटलं, "मग विषय सोडून असं तरी कशाला लिहिलंत? आजीचा चष्मा आजीतच येतो." ती हसली, पण पेन उघडलं नाही. मागे रांग होती. मी उठले.

सहामाहीला तोच विषय पुन्हा आला. मधल्या काळात सुनेने गाइड आणलं होतं आणि रोज संध्याकाळी म्हणवून घेतलं होतं. दहापैकी नऊ. पालकांची सही हवी होती, सून कामावर होती, म्हणून नातीने पेपर माझ्याकडे आणला. त्यातली आजी नऊवारी नेसते, तिचे केस कापसासारखे आहेत, ती रामायणातल्या गोष्टी सांगते. मी वाचत गेले. मग खाली होतं, 'माझे आजी-आजोबा रोज सकाळी समुद्रावर फिरायला जातात. आजोबा आजीची थट्टा करतात. आजी लटकेच रागावते आणि दोघे हसत हसत घरी येतात.' प्रत्येक ओळीला बरोबरची खूण होती. मी ते पुन्हा वाचलं. हे माझ्याबरोबर फिरायला कधी आले नाहीत. थट्टा तर नाहीच. मी तिसऱ्यांदा वाचलं.

नात माझ्या तोंडाकडे बघत उभी. "आजी, तुला कुठला जास्त आवडला? तो की हा?"

मी म्हटलं, "हा."

"पण ह्यात तू नाहीच आहेस."

"नऊ मिळाले ना?"

मी सही केली. तिने पेपरची घडी घातली, दप्तरात ठेवला आणि खेळायला गेली. रागावली वगैरे नाही. पण त्या दिवसापासून तिने लिहिलेलं मला दाखवायला आणणं बंद केलं. पूर्वी वही घेऊन माझ्या मांडीशी येऊन बसायची, "आजी, हे ऐक." आता गाइड उघडते आणि पाठ करते. तिला ते जमतंही. वार्षिकला नक्की नंबर येईल, सून खूश आहे. शाळेला मी काय नावं ठेवू? शाळेने चार दिले तरी तिने दुसऱ्या दिवशी मला वही दाखवली होती. माझ्या एका शब्दाने ती बंद झाली.

बाई, तिला वाटतं आजीलाही नऊच हवे होते. तसं नव्हतं. मार्कांकडे त्या दिवशी माझं लक्षच नव्हतं, ते आपलं तोंडातून निघालं. मला त्या तीन ओळी हव्या होत्या. त्यात हे चालत होते, बोलत होते, मला हसवत होते, आणि शेजारी लाल शाईत बरोबरची खूण होती. मला ते खोडायचं नव्हतं. म्हणून मी पोरीला मार्कांचं खोटं कारण सांगितलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही हे मला माहीत आहे. हे सगळं तिला सांगायचं होतं, चार पावलांवर बसली आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता उलटून काही विचारणार नाही. ती विचारेल.