कापलेलं वाक्य

५ फेब्रु., कराड
वही घेऊन महिना होत आला. आज लिहू, उद्या लिहू. मधे मेढ्याला मित्राच्या लग्नाला गेलो, तो चार दिवस तिथंच. पण तीनचार दिवसांपासून टाळायचं कारण वेगळंय. लिहायला बसलो की सुजाताताईंचं लिहावं लागणार.

तर लिहितो. मोबाईलवरच्या बातम्यांचं चॅनेल, मालक सर, शूट मी. रविवारी नदीकाठच्या गावात सरपंचपदाचे दोघं उमेदवार, सुजाताताई न् सुभेदार, देवळासमोर उभे केले. डोंगरावरचा खडीक्रशर वाढवायचाय, त्याच्या मालकाला आतून कोण सामील, यावर गाव पेटलंय. लोक म्हणाले, भंडारा, देवाची हळद, मुठीत उचला न् सामील न्हाई म्हणून शपथ घ्या. सुभेदारांनी (फौजेतून रिटायर) लगेच मूठ भरली. ताई मागं सरल्या.
"मी उचलणार न्हाई. आमी बौद्ध. आमच्या घरानं ह्ये आज्ज्याच्या काळातच सोडलं. काय इचारायचं त्ये ग्रामसभेत इचारा, कागद घिऊन येते."
मी रीलमध्ये ठेवलं फक्त "मी उचलणार न्हाई". आणि त्यांची पाठ.

६ फेब्रु.
मुद्दाम नाही कापलं. रील छोटी लागते. म्हणजे…
खरं सांगायचं तर टपरीवर ठरलं. सगळे पत्रकार चहाला. एकानं विचारलं, "काय लावायचं रं?" त्यांच्यातला सगळ्यात जुना, बिस्कीट बुडवत, "शपथेला घाबरल्या. बास की." सगळ्यांनी तेच टाईप केलं. मीपण.
न् सुभेदार? "फौजी माणूस गड्या. फौजी खोटं बोलतोय व्हय!" हसले सगळे. मिटलं. क्रशरवर जाऊन कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

८ फेब्रु., सांगली
माईक घ्यायला आलो. भडंग खात खात मार्केट यार्डात शिरलो. हळदीचे सौदे. पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या, मला शिंकांवर शिंका. एक हमाल म्हणाला, "पावनं, हळदीला शिंकताय, लग्न झालं न्हाई वाटतं." इथली पोती उचलून उचलून ह्याचं अंग मोडलंय, ह्याला कुणी खरं-खोटं विचारत नाही. देवळात मूठभर उचलली की माणूस खरा.
माईक राहिलाच.

९ फेब्रु.
ताईंच्या शिवणक्लासला गेलो. मशीन सहा, माणूस एक, त्या स्वतः. "पोरी येईनात. आया पाठवत न्हाईत. म्हणत्यात, बाईच्या मनात पाप हाय." पायमशीन चालूच. मग वर न बघता, "तू तर म्होरंच हुतास की रं."
पण मीही विचारलं. एकदा त्यांना क्रशरच्या ऑफिसातून बाहेर येताना बघितलंय मी.
"गेलते. धुळीची तक्रार द्यायला."
"पोच हाय?"
"त्यानं पोच दिली न्हाई."
खरं असेल. नसेलही. माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण मशीन थांबलं. "मी खरी का खोटी त्ये तू नगं ठरवूस. मी बोलले तेवढं तरी दाव."

१० फेब्रु.
सरांना म्हटलं, पूर्ण व्हिडिओ टाकू.
सर - "सगळ्यांनी एकच लावलंय. आपण वेगळं लावलं तर आपणच खोटे ठरू." मग खांद्यावर हात. "पम्या, लय विचार करू नको. तुला शोभत नाही."
मतदान पंधराला.

१२ फेब्रु.
पूर्ण व्हिडिओ स्वतःच्या खात्यावर टाकायचं ठरवून घरी निघालो. वाटेत बैलगाड्यांच्या शर्यती लागल्या. फायनलपर्यंत थांबलो. बैल एक नंबर! शूट करता करता मोबाईलची बॅटरी संपली, टाकायचं राहिलं.
माझं हे असंच. का मीच बॅटरी संपू दिली? माहीत नाही.

१३ फेब्रु.
दुपारी टाकला. काटछाट न करता, माझ्याच नावानं. खाली लिहिलं - आधीची रील मीच कापली होती. ताई खऱ्या का, मला माहीत नाही. सुभेदार खरे का, तेही नाही.
शेवटच्या दोन ओळी लिहाव्यात की नको यात अर्धा तास गेला. ताईंना रागच येईल.

१४ फेब्रु., सकाळ
सरांनी ग्रुपमधून काढलं. जुन्या पत्रकारानं लिहिलं, "पम्यानं कुणाचं तरी खाल्लं." खाली सगळ्यांचे अंगठे. टपरीवर माझंही मिटलं म्हणायचं.
ताईंचा एकच मेसेज. "बघितला." राग का काय, कळत नाही. शिवणक्लासला कुणी आलं का विचारलं. उत्तर नाही. मतदान उद्या.

खालच्या गिरणीवाल्या काकूंनी आत्ता हाक मारली. "आरं पम्या, खाली ये. सुभेदार आल्यात. एकलेच. तुलाच इचारत्यात."
खिडकीतून वाकून बघितलं. पांढरा सदरा, संगं कोणी नाही, गाडी नाही. मान वर करून माझ्याकडंच बघतायत. चेहऱ्यावरनं काही म्हणजे काही कळत नाही.